जोडीदार नसताना बॉलरूमची ब्राँझ परीक्षा देता येते का?

हो, बिनधास्त द्या. बॉलरूम म्हणजे जोडीनं करायचं पाश्चात्त्य नृत्य, पण त्याची ब्राँझसारखी मेडल परीक्षा म्हणजे स्पर्धा नव्हे. परीक्षक एकट्या तुमचंच नृत्य पाहतात, त्यामुळे जोडीला तुमचे शिक्षक नाचले तरी चालतं. बहुतेक जण तसंच करतात.

१९०४ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या आयएसटीडीसारख्या (इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग) नृत्यशिक्षकांच्या संस्था या परीक्षा घेतात. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असा चढता क्रम असतो. बॉलरूममध्ये वॉल्ट्झ, टँगो, क्विकस्टेप वगैरे आणि लॅटिनमध्ये चा-चा, रुंबा, जाइव्ह वगैरे. किती नाच करायचे ते पातळीवर ठरतं.

ब्राँझला अवघड फिगर्सचा, म्हणजे पावलांच्या ठरावीक रचनांचा, सोस मुळीच करू नका. ताल, उभं राहण्याची ढब आणि पावलं नेमकी पडणं, यांनाच खरं महत्त्व. वॉल्ट्झमध्ये पहिल्या मात्रेच्या शेवटी शरीर वर उचलायला लागतं आणि तिसरीच्या शेवटी खाली येतं. टँगोत हा चढउतार नसतोच! हा फरक अंगात भिनला की नाच लगेच वेगळा दिसतो. सरावात शिक्षकांशिवाय इतरांबरोबरही नाचा, नाहीतर चांगल्या जोडीदाराच्या आधारावर आपल्या चुका झाकल्या जातात. मला हे सिल्व्हरच्या तयारीत कळलं, फार उशिरा.