वाचकांचे प्रश्न: माणगा बांबूची खोली कोकणच्या पावसात टिकेल का?

प्रश्न: कुडाळजवळ आमचं जांभ्याचं जुनं घर आहे, आवारात माणगा बांबूची बेटं आहेत. घराला लागून एक खोली आणि पडवी वाढवायचीय, सिमेंट शक्य तितकं कमी वापरून. घरातले म्हणतात बांबू दोन पावसाळ्यांत वाळवी खाऊन टाकेल. काय करू?

उत्तर: कधीही तोडलेला, कसाही वाळवलेला बांबू थेट मातीत गाडलात तर घरातले म्हणतात तेच होईल. नीट केलंत तर नाही होणार, आणि माणगा दारात आहे हे तर तुमचं भाग्य, कारण हा बांबू बुंध्याकडे जवळपास भरीव असतो, काटे नाहीत, सरळ वाढतो, खांबाला आणि वाशाला दोन्हीला चालतो.

सगळं तोडीपासून सुरू होतं. कोवळी काठी घेऊ नका, तीन-चार वर्षांची घ्या, ती ओळखता येते: सालपटं गळून गेलेली, हिरवा रंग मळलेला, अंगावर पांढरट डाग, आणि कोयत्याच्या पाठीने ठोकलं की खणखणीत वाजते, कोवळी बद्द वाजते. तोड पाऊस सरल्यावर थंडीत करा. पावसात नवे कोंब वर काढताना बेटाने साठवलेला स्टार्च खर्च केलेला असतो, म्हणून तेव्हा बांबू पोखरणाऱ्या भुंग्याला खायला कमी मिळतं. बांबूखाली बारीक पीठ पडलेलं पाहिलं असेल ना, ते वाळवीचं नव्हे, या भुंग्याचं काम. जुनी माणसं काठ्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, दगडाखाली दाबून ठेवायची तेही याचसाठी, वाहत्या पाण्यात स्टार्च निघून जातो.

आता मी तुम्हाला व्हाळाच्या पुढे जायला सांगेन. १०० लिटर पाण्याला ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड, त्यात काठ्या आठवडाभर तरी पूर्ण बुडवून ठेवा, जिथे पोकळ असेल तिथे सळईने गाठी फोडा म्हणजे पाणी आत जाईल, मग सावलीत उभ्या करून वाळवा. एक लक्षात ठेवा, हे क्षार पावसाने धुऊन जातात, म्हणजे ट्रीटमेंट केलेला बांबूही छपराबाहेर भिजत राहिला तर मेहनत फुकट.

म्हणून खरी लढाई पाण्याशी आहे, आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा वरच पडतो. जांभ्याचा चौथरा दीड-दोन फूट उंच घ्या, खांब त्यावर लोखंडी बुटात (खांबाचा बुंधा धरणाऱ्या खोबणीत) बसवा, मातीत अजिबात नको. छप्पर भिंतीच्या बाहेर तीन फूट तरी काढा, पागोळ्यांचे शिंतोडे कुडाच्या भिंतीला लागता कामा नयेत. पश्चिमेच्या बाजूला पावसाच्या तोंडावर झावळ्यांचे झाप बांधायची पद्धत होती ती कशाला सोडायची, खर्चही फार नाही.

भिंतीला बांबूच्या कामट्यांचा कुड, त्यावर माती, बारीक कापलेला पेंढा आणि शेण. वरून चुन्याचा गिलावा द्या पण सिमेंटचा नको, इथे मी अगदी हट्टाने सांगते. सिमेंटचा थर ओल आत कोंडतो आणि आतल्या कामट्या कोणाला न दिसता कुजतात, मग लोक म्हणतात कुडच वाईट. चौथऱ्याला मात्र थोडं सिमेंट वापरलंत तर मनाला लावून घेऊ नका. कुडाळातच कॉनबॅक ही बांबूवर काम करणारी संस्था आहे, बांधायच्या आधी त्यांचं काम बघून या, सुताराला पण सोबत न्या, कारण सांधे त्यालाच करायचेत आणि बांबूत नुसता खिळा ठोकला की काठी चिरते, भोक पाडून बोल्ट घालायला हवा.

प्रश्न: आम्ही श्रीवर्धनचे. निसर्ग वादळात पत्रे उडाले. होमस्टेच्या खोल्यांवर आता झावळ्यांचे झाप घालावेत का?

उत्तर: दिसायला सुंदर आणि गारवा देतात, पण एक-दोन वर्षांत बदलावे लागतात आणि आगीची भीती असते, चुलीजवळच्या खोलीवर नकोच. ३ जून २०२०ला जे झालं त्याचं उत्तर नुसतं वर काय घालायचं यात नाही, छप्पर कशाला बांधलंय यातही आहे. वासा खांबाला, खांब चौथऱ्याला, असं वरपासून खालपर्यंत सलग बांधलेलं असेल तरच वाऱ्याने उचललेलं छप्पर जागेवर राहतं. झाप मांडवाला आणि बसायच्या जागेला ठेवा, झोपायच्या खोल्यांना कौलं.

प्रश्न: स्वतःच्या जागेतला बांबू तोडला तर वनखात्याचा त्रास होईल का? आणि कुडाला कारवीच्या झुडपाच्या काठ्या आणल्या तर?

उत्तर: २०१७ साली केंद्राने वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू काढला, त्यामुळे वनाबाहेरच्या जागेतला बांबू आता त्या कायद्यात झाड धरला जात नाही. कारवीचं वेगळं आहे, ती डोंगरातली, वनातून न विचारता आणू नका. तुमच्याकडे बांबू असेल तर कामट्यांवरच काम भागेल.