माइंड मॅपची फाइल मुलीच्या हाती द्या

प्रश्न : माझी मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आणि आता अकरावी विज्ञान इंग्रजीतून शिकत आहे. दोन्ही भाषांतील संज्ञा तिच्या डोळ्यांसमोर राहाव्यात म्हणून मी रोज रात्री भौतिकशास्त्राच्या धड्यांचे द्विभाषिक माइंड मॅप, म्हणजे मध्यभागी विषय आणि त्यातून फुटणाऱ्या शाखांची चित्रे, संगणकावर तयार करते. आतापर्यंत एकतीस झाले. ती ते वाचत नाही आणि उघडलेच तर माझे शब्द खोडत बसते. ‘स्पीड’ आणि ‘व्हेलॉसिटी’ या दोन्हींपुढे मी ‘वेग’ लिहिले होते, त्यातील एक पुसून तिने ‘चाल’ लिहिले. सहामाहीत गुण घसरले आहेत. या कामासाठी सर्वांत चांगले सॉफ्टवेअर कोणते? तिने अभियांत्रिकीची तयारी चालू ठेवावी का?

उत्तर : तुमच्या पत्रातील घसरलेल्या गुणांपेक्षा मला एकतीस या आकड्याची अधिक काळजी वाटली. एकतीस मॅपसाठी धडे वाचून, त्यांतील मुख्य कल्पना वेचून, त्यांची उतरंड लावण्याचे श्रम तुम्ही घेतलेत; म्हणजे ज्या श्रमांतून शिकणे घडते ते सर्व तुमच्या वाट्याला आले आणि मुलीच्या हाती केवळ तयार चित्र पडले. यामागे माया आहे याविषयी मला शंका नाही, परंतु रोज सकाळी समोर येणारी आईच्या हातची फाइल त्या मुलीला ‘हे तुला स्वतःहून जमणार नाही’ असेच सांगत असणार, आणि माध्यम बदलल्यामुळे आधीच गोंधळलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला ते वाक्य फार लागते. ती फाइल उघडत नाही याला तुम्ही आळस समजत असाल, तर तो समज कृपया सोडून द्या.

शिवाय मॅप तिने स्वतः काढला, तरी पुस्तक समोर उघडे ठेवून काढलेला मॅप पुरेसा नसतो. माइंड मॅपचाच जवळचा प्रकार असलेल्या संकल्पना-नकाशांवर जेफ्री कार्पिके आणि जॅनेल ब्लंट यांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विज्ञानाचा उतारा समोर ठेवून नकाशा काढणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा, उतारा मिटून जे आठवते ते लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिले होते. विशेष म्हणजे अंतिम चाचणी नकाशा काढण्याचीच होती, तेव्हाही हाच गट पुढे राहिला. म्हणून धडा वाचून झाल्यावर मुलीने पुस्तक मिटावे, आठवेल तेवढा मॅप काढावा आणि मग पुस्तक उघडून राहिलेल्या शाखा वेगळ्या रंगात भराव्यात. तो रंग कोठे दाट आहे हे पाहिले की उजळणी कशाची करायची हे तिला कोणी सांगावे लागणार नाही.

आता एका गैरसमजाविषयी सविस्तर लिहितो, कारण तुमच्या सगळ्या मॅपची रचना त्यावर उभी असावी असे पत्रावरून दिसते. द्विभाषिक मॅप म्हणजे प्रत्येक शब्द दोनदा लिहिणे नव्हे. तसे केल्याने चित्र दुप्पट गर्दीचे होते आणि दोन भाषांतील शब्द एकास एक जुळतात असा आभास निर्माण होतो. रोजच्या मराठीत आपण चाल (स्पीड) आणि वेग (व्हेलॉसिटी) या दोन्हींना वेगच म्हणतो. भौतिकशास्त्रात मात्र वेगाला दिशा असते आणि चालीला नसते. ‘बल’ आणि ‘शक्ती’ हे शब्द बोलताना सहज अदलाबदल होतात, पण विज्ञानात पहिला ‘फोर्स’साठी आहे आणि दुसरा ‘पॉवर’साठी. त्यामुळे शाखेवर बसते ती संकल्पना, एकच. तिची नावे दोन असतात आणि ती त्या संकल्पनेला जोडायची असतात. परीक्षा ज्या भाषेत द्यायची त्या भाषेतील संज्ञा शाखेवर ठेवावी, दुसऱ्या भाषेतील संज्ञा तिला जोडून पण वेगळ्या जागी नोंदवावी, आणि स्पष्टीकरण मुलगी ज्या भाषेत विचार करते त्या भाषेत, तिच्याच शब्दांत असावे. दोन भाषांचे दोन स्वतंत्र मॅप करणे तर टाळाच. एकात दुरुस्ती होते, दुसऱ्यात राहून जाते, आणि महिन्याभरात कोणता खरा हे कळेनासे होते.

सॉफ्टवेअरचा प्रश्न यापुढे लहान आहे. फ्रीप्लेन हे विनामूल्य आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्यात प्रत्येक नोडला, म्हणजे शाखेवरील प्रत्येक नोंदीला, गुणधर्म म्हणून जास्तीची माहिती जोडता येते, म्हणून ‘मराठी’ नावाच्या गुणधर्मात मराठी संज्ञा ठेवता येते, गुणधर्म लपवून स्वतःची परीक्षा घेता येते आणि शाखा दुमडून आठवण तपासता येते. त्याची फाइल एक्सएमएल स्वरूपातील साधा मजकूर असल्याने पुढे दुसरीकडे नेणेही अवघड नाही. मराठी मात्र युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतातच, टंकलिखित करावे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लिहिलेला शब्द शोधून सापडत नाही आणि दुसऱ्या संगणकावर त्याची निरर्थक अक्षरे होतात. पीडीएफ काढल्यावर जोडाक्षरे तुटली नाहीत ना, हे एकदा पाहून घ्यावे.

अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेचा मार्ग तुम्हाला ठाऊक आहेच आणि एका सहामाहीच्या गुणांवरून तो बंद करण्याचे कारण नाही. परंतु तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेली ‘चाल’ची गोष्ट मला तुमच्या पत्रातील सर्वांत आशादायक गोष्ट वाटते. ज्या मुलीला या दोन संज्ञांतील फरक खटकतो आणि जी तो दुरुस्त केल्याशिवाय पुढे जात नाही, तिला भौतिकशास्त्र कळते आहे. अडथळा इंग्रजी वाक्यांचा असावा, आणि तो सरावाने दूर होतो. परिभाषा ठरवणे, वैज्ञानिक भाषांतर, तांत्रिक लेखन, सॉफ्टवेअरचे स्थानिकीकरण (म्हणजे ते स्थानिक भाषेत आणणे) ही कामे अशाच नजरेची असतात, आणि त्यांत विषयाचे पक्के ज्ञान असलेली द्विभाषिक माणसे हवी असतात. आधुनिक परिभाषाशास्त्राचा, म्हणजे संज्ञा ठरवण्याच्या शास्त्राचा, पाया घालणारे ऑस्ट्रियाचे ऑयगेन व्ह्यूस्टर हे पेशाने अभियंताच होते आणि आधी संकल्पना, मग तिचे नाव, हाच त्यांचा आग्रह होता. तेव्हा तिला विज्ञान सोडायला लावू नका, आणि यांपैकी काही तिने निवडले तर ते कमी प्रतीचे मानू नका. नुसते माइंड मॅप बनवता येणे ही मात्र उपजीविका नव्हे, हेही स्पष्ट सांगतो.

आजपासून नवा मॅप तुम्ही करू नये. एकतीस फाइली तिच्या स्वाधीन करा. त्यांतील काय ठेवायचे, काय पुसायचे, हे तिला ठरवू द्या, आणि एखादा विषयवार परिभाषा कोश तिच्या हाताशी असू द्या. तिने सगळे पुसून नव्याने सुरुवात केली तरी अडवू नका. ‘बल’, ‘शक्ती’ आणि ‘ऊर्जा’ हे शब्द तुमच्या मॅपमध्ये असतीलच. ते तुम्ही योग्य ठिकाणी वापरले आहेत का, हे तिलाच तपासायला सांगा आणि ती समजावत असताना मध्ये बोलू नका.