परदेशातलं एमए की इथलं एलएलएम? पदवीवर काय छापून येणार ते आधी बघा

जिंतूरकडच्या ज्या ताईंनी प्रश्न टाकलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. एलएलबीचं शेवटचं वर्ष, युरोपातल्या एका विद्यापीठाकडून 'आंतरराष्ट्रीय कायदा, सुरक्षा आणि राजनय' या एक वर्षाच्या एमएची ऑफर हातात, वडील जमीन गहाण टाकायला तयार, आणि परत येऊन इकडंच कुठंतरी प्राध्यापक व्हायचंय. "जाऊ, की इथंच एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) करू?" असं विचारलंय तुम्ही. वाचून पोटात गोळाच आला. विद्यापीठ वेगळं असेल, बाकी सगळं माझंच.

एसओपी, आयईएलटीएस, व्हिसा, खोली कशी शोधायची यावर मी काही बोलणार नाही. त्याचा यूट्यूबवर नुसता ढीग पडलाय. परत आल्यावर काय होतं, ते मात्र कुणी सांगत नाही.

मी जाण्याआधी चौकशी केली होती. आपल्या भागातल्याच एका कार्यालयात (नाव घेत नाही, अजून कामं पडतात) जाऊन अभ्यासक्रमाचं पत्रक दाखवलं आणि सरळ विचारलं, की ही पदवी घेऊन आले तर प्राध्यापकपदासाठी कोणत्या विषयात धरतील? साहेबांनी चहा मागवला. म्हणाले, "अहो, फॉरेनची मास्टर्स आहे, काय अडचण येणार? जाऊन या बिनधास्त." मी म्हटलं, लेखी मिळेल का? "लेखी कशाला? नियमात सगळं आहे." नियमात काय आहे ते मला आता पाठ झालंय. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला 'संबंधित, सुसंगत किंवा संलग्न' विषयातली पदव्युत्तर पदवी लागते, किमान ५५ टक्क्यांनी. आता संलग्न कोणता विषय, हे ज्याच्या टेबलावर फाईल असते तो ठरवतो.

परत आल्यावर राज्यशास्त्राच्या एका जागेसाठी अर्ज केला, तेव्हा फाईल त्याच कार्यालयात गेली. साहेब बदलले होते. तिथल्या बाबूंनी माझी गुणपत्रिका पुढं ओढली, कानावरची पेन्सिल काढली आणि एकेका पेपरासमोर खुणा करायला लागले. सशस्त्र संघर्षाचा कायदा, लॉ. मानवी हक्क, लॉ. करारांचा कायदा, हाही लॉ. राजनय आणि वाटाघाटी, पॉलिटिकल. आंतरराष्ट्रीय संघटना, इथं पेन्सिल थांबली, मग पॉलिटिकल. सुरक्षा अभ्यास, "हे डिफेन्समध्ये जातंय." शेवटी बेरीज करून मान वर केली आणि म्हणाले, "म्याडम, ही तर त्रिशंकू झाली. बहुमत कुणालाच नाही." शेजारच्या टेबलावरचे हसले. खरं सांगायचं तर मलाही हसू आलं. फाईलवर शेरा पडला, 'विषय जुळत नाही', तेव्हा ते हसू गेलं. त्या शेऱ्यापायी पूर्णवेळ जागा हातची गेली.

मग वाटलं, कायद्याकडं वळू. एलएलबी तर आहेच. पण विधी महाविद्यालयात शिकवायला एलएलएम लागतं आणि माझी पदवी एमए. कायदेवाले म्हणतात ही राज्यशास्त्राची, राज्यशास्त्रवाले म्हणतात पदवीवर 'कायदा' लिहिलंय. शेवटी मी बाहेरून पुन्हा एमए राज्यशास्त्र केलं आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर दहा गुणांचं टीपा लिहा सोडवलं. नेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, निघाली. तोवर तासिका तत्त्वावर (सीएचबी, म्हणजे तासागणिक मानधन) शिकवत होते. सीएचबीचं मानधन कधी हातात पडतं हे इथं वेगळं सांगायला नको. सत्र संपतं, परीक्षा होतात, निकाल लागतो, आणि बिल अजून "वर गेलंय" असतं. असो. तो विषय काढला तर हे उत्तर संपायचं नाही.

आता नीट ऐका. समकक्षता दोन प्रकारची असते आणि लोक हमखास गल्लत करतात. एक पातळीची, म्हणजे तुमची परदेशी पदवी इथल्या पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीची आहे की नाही. दुसरी विषयाची. माझ्याजवळ पातळीचं प्रमाणपत्र होतं, भारतीय विश्वविद्यालय संघाचं. ते दाखवलं तर म्हणाले, "मास्टर्स आहे हे मान्य, पण कशातली?" एप्रिल २०२५ मध्ये यूजीसीनं परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसाठी नवे नियम आणलेत. माझा अनुभव त्याआधीचा, त्यामुळं प्रक्रिया तुम्ही यूजीसीच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा, माझ्या शब्दावर जाऊ नका. पण त्यात एक गोष्ट आहे. वैद्यकीय, औषधनिर्माण, वास्तुशास्त्र यांच्यासारख्या पदव्या त्या नियमांतून वगळल्यात, आणि त्याच यादीत कायदाही आहे. ब्रिटनशी २०२२ मध्ये झालेल्या करारात तिथलं एक वर्षाचं मास्टर्स मान्य केलं, त्यातूनही कायदा बाहेरच. मग नावात 'कायदा' असलेलं एमए कशात मोडतं? माझं मत असं, की ते एमए आहे, व्यावसायिक कायद्याची पदवी नाही, तेव्हा अडचण येऊ नये. पण माझ्या मताला त्या टेबलावर किंमत शून्य. हा प्रश्न फी भरायच्या आधी यूजीसीला ईमेलनं विचारा आणि उत्तराची छापील प्रत जपून ठेवा. फोनवर कुणी "होऊन जाईल" म्हणालं तर ते धरू नका.

गुणांचंही बघून घ्या. ब्रिटिश पद्धतीत मास्टर्सला ५० ला पास, ६० ला मेरिट. तिथं ५३ मिळवणारा पास होऊन टोपी उडवतो, आणि इथं आला की ५५ खाली म्हणून बाद (राखीव प्रवर्गाला पाच टक्क्यांची सूट आहे). तुमच्या विद्यापीठाची पद्धत वेगळी असली तर रूपांतराचं अधिकृत पत्र निघतानाच घ्या. इथं आल्यावर मागायला गेलात तर तिकडं सुट्ट्या चालू असतात, मग सुट्ट्या संपल्यावर तिथल्या बाई बदललेल्या असतात.

कुणी "विषय जुळत नाही" म्हटलंच, तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवस. पण "माझी पदवी का नाकारली?" असं विचारू नका. मी तसंच विचारलं होतं, उत्तर आलं, 'मत मागता येत नाही'. कायद्यानं ते बरोबरही आहे, या कायद्यात नोंदी मिळतात, खुलासे नाही. म्हणून नोंदी मागा: फाईलवरच्या टिपणीची प्रत, विषय तपासणाऱ्या समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, समिती कोणत्या आदेशानं नेमली तो आदेश. माझ्या बाबतीत असं निघालं, की समितीच नव्हती. पेन्सिलच होती फक्त.

एवढं रडून झालं, तर तुम्हाला वाटेल मी जाऊ नका म्हणतेय. तसं नाही. त्या वर्षात मी जे शिकले ते इकडं कुणी शिकवलं नसतं. आपल्याकडं १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, रझाकारांच्या गोष्टी आजोबांकडून ऐकलेल्या असतात. पण १६ सप्टेंबर १९४८ ला, फौजा हैदराबादच्या वाटेवर असताना, सुरक्षा परिषद पॅरिसमध्ये बसून हैदराबादची तक्रार ऐकत होती, हे मला एलएलबी होईपर्यंत माहीत नव्हतं. तक्रार २१ ऑगस्टला गेली होती, सनदेच्या कलम ३५(२) खाली. त्या कलमानं संयुक्त राष्ट्रांचा सदस्य नसलेला देशही तक्रार करू शकतो. म्हणजे सगळा वाद इथं अडतो, की हैदराबाद स्वतंत्र देश होता का? १९३३ च्या माँटेव्हिडिओ कराराच्या चार कसोट्या लावून बघा: कायम लोकसंख्या, ठरलेला भूप्रदेश, सरकार, आणि इतर देशांशी संबंध ठेवायची क्षमता. पहिल्या तीनवर वर्गात कुणी फार भांडलं नाही, चौथीवर दोन तास भांडलो. नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार पुढं केला, की परराष्ट्र व्यवहार भारताकडं होते हे दाखवता येतं. १७ तारखेला शरणागती झाली, पुढच्या काही दिवसांत निजामानं तक्रार मागं घेतल्याचं कळवलं.

आणि त्याचंच शेपूट म्हणजे निजामाचे पैसे. त्याच सप्टेंबरात दहा लाख पौंडांहून जास्त रक्कम लंडनमध्ये पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे गेली. निजामानं परत मागितली, तर १९५७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं (तेव्हाचं ब्रिटनचं सर्वोच्च न्यायपीठ) सांगितलं, की परक्या सार्वभौम देशाला ब्रिटनच्या कोर्टात खेचता येत नाही. पैसे बँकेत तसेच. २०१३ मध्ये पाकिस्ताननं स्वतःच दावा लावला आणि त्याचं ते कवच गेलं. २ ऑक्टोबर २०१९ ला निकाल लागला, भारत सरकार आणि निजामाचे दोन नातू यांच्या बाजूनं. तोवर रकमेचे साडेतीन कोटी पौंड झाले होते. सार्वभौम देशाला परक्या कोर्टापासून मिळणारं संरक्षण शिकायला मराठवाड्याच्या पोरीला यापेक्षा चांगलं प्रकरण कुठं मिळणार? माझा प्रबंध हैदराबादच्या तक्रारीवरच होता.

त्यावरून सुचलेलं सांगते. तुमच्या एमएत प्रबंध असेलच. त्याचा विषय तुम्हाला कोणत्या दारातून परत आत शिरायचंय ते बघून निवडा. राज्यशास्त्रात शिकवायचं असेल तर प्रबंध आणि ऐच्छिक पेपर तिकडं झुकवा, म्हणजे पेन्सिलवाल्या बाबूंची बेरीज एका बाजूला पडेल. नेटला ९० क्रमांकाचा विषय आहे, आंतरराष्ट्रीय संबंध आणि क्षेत्र अभ्यासाचा. त्यात ही पदवी छान बसते, पण तो विषय स्वतंत्र विभाग म्हणून आपल्या महाविद्यालयांत कुठं आहे? जागा निघायला विभाग तर हवा.

कायदाच शिकवायचा असेल तर माझं मत रोखठोक आहे: इथंच एलएलएम करा, आंतरराष्ट्रीय कायदा घेऊन. क्लॅटची (राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेची) पीजी परीक्षा द्या, आता संभाजीनगरलाच राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. दिल्लीत साउथ एशियन युनिव्हर्सिटीतही एलएलएम होतं. परदेशाची हौस हेगच्या आंतरराष्ट्रीय कायदा अकादमीच्या उन्हाळी वर्गांनी भागते, तिथं शिष्यवृत्त्याही असतात. आणि संयुक्त राष्ट्रांच्या दृकश्राव्य ग्रंथालयात मोठमोठ्या न्यायाधीशांची व्याख्यानं फुकट आहेत, जिओचं नेट पुरतं. (काही जण म्हणतील, परदेशात राहून जो आत्मविश्वास येतो तो यानं येत नाही. बरोबर आहे. पण गहाणाचं व्याज त्या आत्मविश्वासानं फिटत नाही.)

जमिनीला हात लावायच्या आधी शिष्यवृत्त्या बघा. प्रवर्गानुसार राजर्षी शाहू, सारथी, इतर मागास बहुजन कल्याण विभाग, सगळ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या योजना आहेत. जाहिरातीतली जागतिक क्रमवारीची अट नीट वाचा. फक्त हाच विषय शिकवणाऱ्या छोट्या नामांकित संस्था अशा यादीत बऱ्याचदा नसतातच.

कुणी सांगितलं असेल की ही पदवी घेतली की राजदूत होता येतं, तर हात जोडा. भारतीय परराष्ट्र सेवेत थेट भरती व्हायला यूपीएससीच द्यावी लागते.

कागदांचं एक. तुमच्या मार्कमेमोवर औरंगाबाद, पासपोर्टवर छत्रपती संभाजीनगर, किंवा उस्मानाबाद आणि धाराशिव, असं झालं असेल तर २०२३ च्या नामांतराच्या अधिसूचनेची प्रत इंग्रजीसकट जवळ ठेवा. अपोस्टिलआधी (कागद परदेशात ग्राह्य धरावेत म्हणून लागणारा शिक्का) राज्य शासनाचा शिक्का लागतो, त्याला मुंबईपर्यंत कागद जातात. एजंट त्याचे मनाला येतील तेवढे पैसे सांगतात, म्हणून अधिकृत दर आधी बघून घ्या.

तुमच्या पोस्टमध्ये ऑफरची रक्कम आहे, पण ठेव भरायची शेवटची तारीख नाही. ती सांगा, आणि पेपरांची यादीही टाका. यूजीसीला पाठवायचा ईमेल कसा लिहायचा ते मी सांगते, फक्त या आठवड्यात नको, आमच्याकडं अंतर्गत परीक्षा चालू आहेत.