वाचकांचे प्रश्न: खाड्याच्या पैशावरून फुटलेला खेळ आणि त्याचा धाकटा कप

दर महिन्याला या पानावर नव्वद टक्के प्रश्न क्रिकेटचे असतात, उरलेले कबड्डीचे. या वेळी मात्र रग्बीचे पाच आले, आणि चूक माझीच, कारण मागच्या अंकात मी जाता जाता एक ओळ टाकली होती की ७ जून २०२५ ला लंडनच्या वेम्बली मैदानावर यॉर्क क्लबने फेदरस्टोनला ५-४ असं हरवून '१८९५ कप' जिंकला. पुढे काही समजावून सांगितलं नाही. आता भोगतो.

प्रश्न (सातपूर): सर, हा कप १८९५ पासून चालू आहे का? एवढा जुना असेल तर आपण कधी नाव कसं ऐकलं नाही?

नाही हो दादा, कप अगदी पोरसवदा आहे, २०१९ ला सुरू झाला. १८९५ हे खेळाचं जन्मसाल आहे. आणि तुम्ही सातपूरचे म्हणजे एमआयडीसीतले, तुम्हाला हे एका शब्दात कळेल. तो शब्द म्हणजे खाडा.

उत्तर इंग्लंडमधले रग्बी खेळणारे लोक म्हणजे कोळशाच्या खाणीतले, गिरणीतले, गोदीतले कामगार. शनिवारी सकाळी कामावर जायचं आणि दुपारी मॅच, आणि मॅच लांब असेल तर सकाळचं काम बुडणार, पगार कापला जाणार. त्यांचं म्हणणं इतकंच होतं की बाबा खेळायचे पैसे नकोत पण खाडा पडतो तेवढा भरून द्या. दक्षिणेतली शिकलीसवरलेली, खाऊनपिऊन सुखी मंडळी म्हणाली छे, पैसा घेतला की खेळ बाटतो. १८९३ ला रग्बी युनियनच्या, म्हणजे तेव्हा खेळ चालवणाऱ्या संघटनेच्या, बैठकीत यावर मतदान झालं आणि खाडा भरून द्यायचा ठराव २८२ विरुद्ध १३६ असा पडला. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ ला, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतले वीसेक क्लब जमले आणि त्यांनी सरळ वेगळी चूल मांडली. नव्या संघटनेनं भरपाई ठरवली दिवसाला सहा शिलिंग. त्या वेगळ्या चुलीवर जे शिजलं ते आजचं रग्बी लीग. मूळ घराण्याने, म्हणजे रग्बी युनियनने, पैसे घेऊन खेळायला अधिकृत परवानगी दिली १९९५ ला. बरोब्बर शंभर वर्षं घेतली त्यांनी खाड्याचा विचार करायला!

आणि तुम्ही नाव ऐकलं नाही कारण हा कप वरच्या क्लबांचा नाहीच. सगळ्यात वर सुपर लीग, त्याखाली चॅम्पियनशिप, आणि २०२५ पर्यंत त्याखाली लीग वन होती. १८९५ कप सुपर लीगखालच्या क्लबांसाठी, बाद पद्धतीचा.

प्रश्न (गंगापूर रोड): कॉलेजात कबड्डी खेळलो आहे. रग्बी लीग बघितलं तर थोडं आपलंच वाटलं. तसं आहे की मला भास होतोय?

भास नाही. मला तर वाटतं युनियनपेक्षा लीग कबड्डीवाल्याला लवकर समजतं. तेरा विरुद्ध तेरा (युनियनमध्ये पंधरा). बॉल घेऊन समोरच्या भिंतीवर चढाई करायची, त्यांनी पकड केली, खाली पाडलं, की उठायचं, बॉल पायाने मागे सरकवायचा, मागचा साथीदार उचलतो आणि पुन्हा चढाई. अशा सहा पकडी होईपर्यंत बॉल तुमचा, सहावी झाली की समोरच्याला देऊन टाका. म्हणून पाच झाल्या की सगळे लाथ मारून बॉल लांब धाडतात, आपल्याकडे प्रो कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला जशी 'करो या मरो'ची धडधड होते तशीच. हाताने पास फक्त मागे किंवा आडवा द्यायचा, पुढे नाही, हे डोक्यात बसायला मला दोन मॅच लागल्या.

गुण: बॉल शेवटच्या रेषेपलीकडे टेकवला की ट्राय, त्याचे ४. त्यानंतरची किक खांबांमधून गेली तर २. पेनल्टी किकचे २. आणि खेळ चालू असताना बॉल जमिनीवर टप्पा पाडून उडवला आणि खांबांमधून गेला तर १, त्याला ड्रॉप गोल म्हणतात. आता गंमत बघा, एक सोडून बाकी सगळे आकडे सम आहेत. म्हणजे कुणाचा स्कोअर विषम दिसला की मॅच न बघता सांगायचं, यांनी ड्रॉप गोल मारलाय. यॉर्कचे ५ घ्या. चार गुण कसेही आले असतील, पण वरचा एक त्या टप्प्यावाल्या किकचाच, आणि कप त्या एकावर गेला.

प्रश्न (नाशिकरोड): माझ्या वडिलांच्या दाढीच्या वस्तऱ्यावर 'शेफील्ड' कोरलेलं होतं. १८९५ कपच्या यादीत पहिलं नाव शेफील्डचं दिसतं. तेच गाव का? त्या पहिल्या वर्षाबद्दल जरा सविस्तर लिहा की.

काका, तेच गाव. पोलादाचं, सुऱ्या-कात्र्यांचं. आणि या पत्रासाठी तुमचे आभार कारण २०१९ चा तो पहिला सीझन मला मनापासून आवडतो आणि कुणी विचारत नाही.

गोष्ट जरा मागून सांगावी लागेल. शेफील्ड ईगल्स हा क्लब १९८४ चा, म्हणजे या खेळाच्या मानाने कालचा. २ मे १९९८ ला हे वेम्बलीवर चॅलेंज कपच्या फायनलला विगनसमोर उभे राहिले. चॅलेंज कप म्हणजे या खेळाचा थोरला कप, १८९७ पासूनचा, आणि विगन म्हणजे, काय सांगू, रणजीतली मुंबई समजा. सगळे म्हणत होते आज शेफील्डचा भुगा होणार. झालं उलटं. शेफील्ड १७, विगन ८. (१७ विषम, म्हणजे ड्रॉप गोल! आत्ताच शिकलात.) तो ड्रॉप गोल मारला मार्क ॲस्टन नावाच्या खेळाडूने, आणि सामनावीराची लान्स टॉड ट्रॉफीपण त्यालाच मिळाली.

इथून पुढे सुखी संसार व्हायला हवा होता ना? दीडच वर्षात पैसा संपला आणि १९९९ च्या सीझननंतर क्लब हडर्सफील्डमध्ये विलीन करून टाकला. कप जिंकलेला क्लब गायब. मग हाच ॲस्टन उठला आणि त्याने शेफील्डचा क्लब त्याच नावाने खालच्या डिव्हिजनमध्ये परत उभा केला. सुपर लीगमध्ये तो क्लब काही परत गेला नाही. मध्ये त्यांचं डॉन व्हॅली स्टेडियमही पाडलं गेलं, मग मैदान शोधत फिरा.

आता दुसरी बाजू, विडनेस. हे रसायनांच्या कारखान्यांचं गाव, क्लबचं जुनं टोपणनावच 'केमिक्स'. १९७५ ते १९८४ या दहा वर्षांत हे लोक सात वेळा चॅलेंज कपच्या फायनलला वेम्बलीवर गेले, त्यातले चार कप जिंकले. १९८९ ला ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरालाही हरवलं. आणि मग उतरण. २०१८ ला सुपर लीगमधून खाली आले, आणि २०१९ चा सीझन नुकता सुरू झालाय तोच क्लब दिवाळखोरीच्या कारवाईत गेला, शिक्षा म्हणून १२ गुण कापले. म्हणजे परीक्षेला बसायच्या आधीच मार्क वजा. समर्थकांनी वर्गणी काढली, नवे मालक आले, कसाबसा संघ मैदानात राहिला.

तर असे हे दोन, एक मरून परत जिवंत झालेला आणि एक मरता मरता वाचलेला, २४ ऑगस्ट २०१९ ला वेम्बलीवर पहिल्या १८९५ कपच्या फायनलला समोरासमोर. विडनेस सव्वीस वर्षांनी तिथे. शेफील्डच्या बाजूला कोच कोण, तर मार्क ॲस्टन! एकवीस वर्षांपूर्वी जिथे त्याने स्वतः किक मारली तिथे आता कडेला उभा राहून ओरडतोय. शेफील्ड ३६, विडनेस १८. एकतर्फीच म्हणा. पण मला विडनेसची हार हार वाटतच नाही. ज्या क्लबला फेब्रुवारीत कुलूप लागायची वेळ आली होती तो ऑगस्टमध्ये वेम्बलीच्या गवतावर उभा होता, आणखी काय हवं.

वस्तरा जपून ठेवलाय ना? फेकू नका.

प्रश्न (सिडको): स्पष्ट विचारते. वरच्या टीमना बाजूला काढून खालच्यांचा वेगळा कप म्हणजे शाळेतलं उत्तेजनार्थ बक्षीसच नाही का? त्याला कसली किंमत?

ताई, अर्धं पटतं, अर्धं नाही.

आधी माझी स्वतःची एक आठवण. कॉलेजला असताना मी एका मंडळाच्या कबड्डी स्पर्धेत 'ब' गटात खेळायचो. फायनलला पोचलो. पण आमची फायनल ठेवली 'अ' गटाच्या फायनलनंतर. ती संपली, पाहुण्यांचे सत्कार झाले, नारळ झाले, शाली झाल्या, भाषणं झाली, आणि आम्ही मैदानात उतरलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा. माणसं मैदानातून चालत गेल्यामुळे फक्कीच्या रेषा पुसून गेलेल्या, मंडपवाला आमच्या शेजारीच खुर्च्या एकात एक घालतोय खाडखाड, आणि दोनपैकी एक हॅलोजन बंद. जिंकलो आम्ही. शिल्ड मिळाली तिच्यावर पट्टी होती 'रांगोळी स्पर्धा, द्वितीय क्रमांक'. कुठूनतरी उरलेली असणार. ती अजून माझ्या माळ्यावर आहे, आणि खोटं कशाला बोलू, मला ती टाकवत नाही.

म्हणून १८९५ कपबद्दल माझी तक्रार असेल तर ती हीच. २०१९ ला आधी चॅलेंज कपची फायनल झाली, वॉरिंग्टनने सेंट हेलेन्सला १८-४ ने हरवलं, आणि मग ही. नव्वद हजारांचं स्टेडियम, मोठी मॅच संपली की लोक ट्रेन पकडायला निघणार हे सांगायला ज्योतिषी नको. धाकट्यांची मॅच आधी ठेवा, लोक येता येता बघतील, बसतील, असं माझं साधं मत.

पण उत्तेजनार्थ म्हणाल तर नाही. एकतर हे क्लब थोरल्या चॅलेंज कपमध्येही खेळतातच, तो दरवाजा कुणी बंद केलेला नाही. फक्त तिथे फायनल गाठायची तर पूर्ण वेळ पगारी खेळाडूंच्या संघांना एकामागून एक हरवावं लागतं, आणि इकडे खालच्या संघातले कितीतरी जण दिवसा नोकरी करून संध्याकाळी सरावाला येतात. बॅटलीचंच बघा. १८९७ चा पहिलावहिला चॅलेंज कप जिंकणारा क्लब, सेंट हेलेन्सला हरवून. पण थोरल्या कपची फायनल १९२९ मध्ये वेम्बलीवर गेली आणि बॅटलीच्या वाट्याला ते मैदान काही येईना. आलं ते २०२३ ला, या धाकट्या कपमुळे. हॅलिफॅक्सकडून १२-१० असे हरले, दोन गुणांनी, म्हणजे एका किकच्या अंतराने. त्यांना जाऊन सांगून बघा बरं की ही उत्तेजनार्थ फायनल होती.

हां, २०२४ ला वेकफील्डने शेफील्डला ५०-६ असं धुतलं, तेव्हा मात्र मीही टीव्ही मध्येच बंद केला. वेकफील्ड नुकतंच सुपर लीगमधून खाली आलेलं, त्यामुळे मॅच बरोबरीची नव्हतीच. तिथे तुमचा मुद्दा मान्य.

प्रश्न (पंचवटी, इयत्ता सातवी): रग्बीचा आणि भारताचा काही संबंध आहे का? मला प्रोजेक्टसाठी पाहिजे.

आहे की! कलकत्त्याला १८७३ मध्ये इंग्रजांनी रग्बीचा क्लब काढला होता. उकाडा, बदल्या, माणसं कमी, चार-पाच वर्षांत क्लब बंद पडला. बँकेत क्लबचे पैसे शिल्लक होते, ते त्यांनी चांदीच्या रुपयांत काढले, २७० रुपये, ते वितळवले आणि त्याचा कप बनवून इंग्लंडला पाठवून दिला. त्याचं नाव कलकत्ता कप. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी खेळतात, अजूनही. हा युनियनचा कप आहे, लीगचा नाही, वर सांगितलेली फाटाफूट व्हायला तेव्हा सोळा वर्षं बाकी होती, तेवढं प्रोजेक्टमध्ये नीट लिही नाहीतर सर मार्क कापतील. आणि चित्र नक्की काढ, काढायला मस्त आहे: कपाला तीन कान, तिन्ही म्हणजे फणा काढलेले नाग, आणि झाकणावर हत्ती.