घरच्या बागेत बाराही महिने फुलं राहावीत, यासाठी कोणती झाडं लावावीत?

जास्वंद, तगर, अबोली, सदाफुली. झालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पण ‘बाराही महिने’ वाचलं आणि राहवलं नाही, कारण एवढ्यावरून आमच्या घरात मोठं रामायण झालेलं आहे.

साताऱ्यात आमचं जुनं एकत्र घर आहे, पुढे-मागे थोडी मोकळी जागा. मोठे भावोजी निवृत्त झाले आणि बाग करून देणारा एक माणूस घेऊन आले. “बाग कायम फुललेली ठेवतो, बघाच,” तो म्हणाला. जानेवारीचे दिवस होते. धुण्याच्या दगडाशेजारी माझ्या कुंड्यांची रांग होती, वरून नुसती माती दिसायची. त्याच्या गड्यांनी त्या रिकाम्या समजून मागच्या भिंतीशी उपड्या केल्या आणि त्यांत पेटुनिया लावले. मी बाजारातून येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्या कुंड्यांत भुईचाफा होता. सासूबाईंनी माहेराहून, देवरुखाहून आणलेला. दिवाळीनंतर त्याची पानं पिवळी पडून वाळतात आणि गड्डा मातीखाली झोपतो. थंडीभर वर काही म्हणजे काही दिसत नाही. उन्हं तापली की मग एका सकाळी, पानाचा पत्ता नसताना, थेट मातीतून फूल वर येतं. पांढरं-जांभळं, भुईला टेकलेलं. वास घ्यायचा तर गुडघे टेकून वाकावं लागतं. पानं येतात ती मागाहून. मी आणि सासूबाईंनी त्या संध्याकाळी ढिगात हात घालून गड्डे शोधले. मुळांना लहान लहान पाणीदार गाठी लोंबत असतात, त्यावरून ओळखू येतात. काही फावड्याने चिरले गेले होते. भावोजींचं एकच, “दिसत नाही ते ठेवायचं कशाला?” पेटुनिया दिसत होते, छानच दिसत होते, उन्हाने माना टाकेपर्यंत. मग तो माणूस नवी रोपं घेऊन आला, आणि नवं बिल. याला मी फुलांचं भाडं म्हणते.

म्हणून सांगते, कधी काय फुलतं एवढंच बघू नका, कोण कधी झोपतं तेही बघा. थंडीत मोगऱ्याचं पाणी तोडा, जानेवारीअखेर छाटा, शेणखत घाला आणि मगच पाणी सुरू करा. उन्हाळ्यात कळ्यांनी लगडतो. बिचारा सुकलेला दिसतो म्हणून थंडीभर पाणी घालत बसलात तर नुसता पाला मिळेल. पुढे मे फ्लॉवरचा लाल गेंद, पावसाच्या तोंडावर अनंत, श्रावणात जाई-जुई आणि तेरडा, भाद्रपदात सोनटक्का, प्राजक्त, दसऱ्याला झेंडू, मग शेवंती, कडाक्याच्या थंडीत कुंद.

शेवंतीला कळी धरायला लांब, काळोखी रात्र लागते. आमच्या फाटकाशी रस्त्यावरचा पांढरा दिवा लागला तेव्हापासून तिथली शेवंती नुसती वाढतच राहिली. त्यातलीच रोपं मागच्या अंगणात नेली, ती फुलली. दुकानात विचाराल तर खताची बाटली हातात देतील. घेऊ नका, रात्री दिव्याचा उजेड पडणार नाही अशा जागी कुंडी हलवा.

भावोजी अजून म्हणतात, पाहुणे आले की बाग दिसली पाहिजे. पाहुणे तासाभरात चहा घेऊन जातात. रोज बघणारे आपण असतो. एप्रिलात सकाळी उठल्या उठल्या मी भुईचाफ्याच्या कुंड्यांशी जाऊन बसते तशी जास्वंदीपाशी कधी बसले नाही, आणि ती तर रोज फुलते. हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे.

हां, तुमची फ्लॅटची बाल्कनी असेल आणि ऊन 4-5 तासही येत नसेल तर मोगरा-शेवंतीचा नाद सोडा. भुईचाफ्याला मात्र सावली चालते. मी सांगितलेले महिने आमच्याकडचे, कोकणात किंवा विदर्भात थोडे मागेपुढे होतील. झोपलेल्या कुंडीत पाणी अगदी बेताने, नाहीतर गड्डा कुजतो. आणि त्या प्रत्येक कुंडीत काठी रोवून नाव लिहा, घरातल्यांना आणि बाग करायला येणाऱ्या माणसालाही लांबून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.