बाख, ब्रूक आणि स्ट्रीम

प्रश्न : माझा पुतण्या जर्मनीत ऑफेनबाख येथे शिकतो. तेथील ‘बाख’ म्हणजे आपला ओढा, असे त्याने कळविले. इंग्रजी ‘ब्रूक’ हे त्याचेच रूप असावे काय? आणि ‘स्ट्रीम’चे आपल्या ‘स्रोत’शी नाते आहे काय?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आपला दुसरा तर्क बरोबर आहे, पहिला मात्र टिकत नाही.

‘बाख’चा इंग्रजीतील सख्खा भाऊबंद ‘बेक’ होय. उत्तर इंग्लंडमध्ये ओढ्याला आजही असे म्हणतात, आणि नवव्या शतकापासून तेथे वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांनी तो शब्द आणला. फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील ‘कोदबेक’, म्हणजे ‘थंड ओढा’, हे गावनावही त्यांच्याच भाषेतले. जर्मॅनिक, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच व स्कँडिनेव्हियन भाषांच्या कुळातील, मूळ रूप ‘बाकिझ’ असे मानले जाते. त्यातील ‘इ’मुळे आधीचा स्वर ‘ए’कडे झुकला, जर्मन एकवचनात तो झुकला नाही, पण अनेकवचन ‘बेखे’ असेच होते. ‘क’चा ‘ख’ होणे हे तर जर्मनचे नेहमीचे वळण आहे : इंग्रजी ‘बुक’, जर्मन ‘बूख’.

‘ब्रूक’चे कूळ निराळे. त्याचे जर्मन रूप ‘ब्रूख’ आणि डच रूप ‘ब्रूक’ यांचा अर्थ दलदल, आपल्याकडील शेतकरी जिला चिबड म्हणतात तशी जमीन. ब्रुसेल्सचे जुने नाव ‘ब्रूकझेले’, म्हणजे दलदलीतील वस्ती. इंग्रजीत तेवढा हा शब्द साचलेल्या पाण्यावरून वाहत्या पाण्याकडे सरकला. स्कॉटलंडमधील ‘बर्न’ हाही ओढाच (1314 च्या लढाईचे बॅनकबर्न आठवावे), पण त्याचा जर्मन सोयरा ‘ब्रुनेन’ म्हणजे विहीर किंवा कारंजे.

‘स्ट्रीम’ आणि ‘स्रोत’ यांच्या मुळाशी वाहणे या अर्थाचा एकच प्राचीन धातू आहे, जो संस्कृतात ‘स्रु’ म्हणून राहिला. प्रत्यय तेवढे वेगळे. इंग्रजीतला ‘ट’ कोठून आला, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. ‘स’ आणि ‘र’ लागून आले की जर्मॅनिक भाषा मध्ये ‘त’ घालीत. संस्कृत ‘स्वसृ’ आणि इंग्रजी ‘सिस्टर’ शेजारी ठेवले की हे ध्यानी येते. तेव्हा कोणी कोणाकडून शब्द उसना घेतलेला नाही. जर्मन ‘श्ट्रोम’ला आज मोठी नदी आणि विजेचा प्रवाह असे दोन्ही अर्थ आहेत.

पुतण्या गावांच्या नावांतून ओढे शोधू लागला, तर त्याने ल्यूबेक वगळावे. तेथील ‘बेक’ ओढ्याचा नव्हे. ‘ल्युबिचे’ या स्लाव्ह नावाचे ते जर्मन वळण आहे.