शैली शोधू नकोस, प्रश्न धर

मुली,

तुझे पत्र आणि तीन चित्रांची छायाचित्रे मिळाली. एकात फ्रेंच चित्रकार सरा याचे ठिपके, दुसऱ्यात व्हॅन गॉगचे वळसे, तिसऱ्यात सेझानचे तिरपे फटकारे, आणि यांतले कोणते तंत्र स्वीकारावे हा तुझा प्रश्न. कोणतेही स्वीकारू नकोस. या तिघांना चिकटलेले ‘उत्तर-दृक्प्रत्ययवादी’ (पोस्ट-इम्प्रेशनिस्ट) हे नाव रॉजर फ्राय या इंग्रज कलासमीक्षकाने १९१० च्या लंडनमधील प्रदर्शनासाठी योजले, तेव्हा या तिघांपैकी कोणीही हयात नव्हता. त्यांचे तंत्र एक नव्हतेच. ज्याचा त्याचा प्रश्न वेगळा होता आणि फटकारा त्या प्रश्नातून आला.

सराचे ठिपके घे. पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार होती. रंगाई सांभाळणाऱ्या शेव्हरल या रसायनतज्ज्ञाला आढळले की दोष काळ्याचा नसून शेजारच्या धाग्यांचा आहे. त्यावरचा त्याचा ग्रंथ १८३९ मध्ये निघाला. शेजारी बदलला की रंग बदलतो, मग पॅलेटवर रंग कालवायचेच कशाला, असा सराचा प्रश्न होता. व्हॅन गॉगनेही रंगांच्या जोड्या पारखण्यासाठी लोकरीचे गुंडे जवळ बाळगले होते. हे न करता तू नुसते ठिपके उचललेस!

सेझानने १८९९ मध्ये व्होलार या चित्रविक्रेत्याचे व्यक्तिचित्र केले. व्होलारच्या सांगण्यानुसार ११५ बैठका झाल्या, तरी हातावर दोन बारीक जागा कोऱ्याच राहिल्या. तिथे वाटेल तो रंग भरला तर तिथूनच सारे चित्र पुन्हा करावे लागेल, असे सेझानचे म्हणणे होते. ज्याला प्रश्न आहे त्यालाच जागा कोरी ठेवण्याचे धैर्य होते. तुझ्या चित्रांत एकही जागा अडलेली दिसत नाही, याचीच मला काळजी वाटते.

मी वर्षानुवर्षे चुन्याच्या भिंतीवर पडलेल्या सावल्याच रंगवल्या. वरच्या बाजूला आभाळाची निळाई आणि जमिनीलगत मातीची लाली असलेली ती सावली कुठेही नुसती करडी नसते, आणि ते दोन रंग नेमके कुठे भेटतात हे मला अजून पुरते उमगलेले नाही. विषय बदला, असे एका कलादालनाने सुचवले. मी बदलला नाही आणि चित्रे पडून राहिली. घरच्यांना त्याची झळ बसली, याची खंत आहे. हट्टाची नाही, कारण तो प्रश्न माझा होता.

तेव्हा ‘माझी शैली सापडत नाही’ हे मला पुन्हा लिहू नकोस. तुझा प्रश्न कोणता ते लिही. तो नसेल तर आठवडाभर ब्रशला हात लावू नकोस. लोकर आण, करड्या धाग्याचे दोन तुकडे कर, एक नारिंगीवर आणि दुसरा निळ्यावर ठेव, दिवसाच्या उजेडात शेजारी शेजारी पाहा आणि दोन्ही करडे तुला कसे दिसले ते सविस्तर कळव.